आर्लीन आणि माळावरची पाच झाडं

आर्लीन व्होंद्राचेक माझ्याशी खोटं बोलते आहे, हे मला तिच्या मोज्यावरच्या गोचिडीवरून कळलं.

चौदा वर्षं आम्ही दोघी रोज सकाळी सात वाजता लिंडनमायर माळावर फिरायला जातो. माळ म्हणजे तीन बाजूंनी घरं आणि एका अंगाला दुकानांचा वाहनतळ, आणि मधे हजारभर एकर जुनं गवत, आमच्या पणजोबांनी नांगर घालायच्या आधी होतं तसं. त्यातून साडेपाच मैलांचा बारीक खडीचा फेरा आहे. पळणारे, कुत्रेवाले, सायकलवाले, सगळे त्याच वाटेवर. मागून सायकलवाला "डावीकडून" म्हणतो, आपण उजवीकडे सरकायचं. खडी सोडून गवतात पाय टाकायचा नाही, असं फाटकावर लिहिलंय, आणि आर्लीन फाटकावरचं अक्षर न् अक्षर पाळणारी बाई.

जुलैत तिने एकदम फिरणं बंद केलं. गुडघा दुखतोय म्हणाली. दहाव्या दिवशी मी दुधी-काकडीसारख्या त्या आमच्या झुकिनीचा गोड पाव भाजला आणि तिच्या ओसरीवर गेले. बाई खुर्चीत बसून बूट काढत होती.

"काय म्हणतोय गुडघा?"

"आहे तसाच. घरातल्या घरात चालते थोडी."

"मग घरात गोचिडी झाल्या वाटतं तुझ्या," मी म्हटलं.

तिने मोज्याकडे पाहिलं. पांढऱ्या मोज्यावरून गोचीड आरामात वर चालली होती. तिने ती चिमटीत धरून पायाशी ठेवलेल्या साबणाच्या पाण्यात टाकली. "अंगणातली असेल," म्हणाली. गोचीड चिकटते ती उंच गवतात, आणि तिचं अंगण मी ओळखते. दर दोन दिवसांनी गवत कापायचं यंत्र फिरवते ती त्यावर, मुंगीला लपायला जागा नाही. मला असा राग आला की पाव तिथेच ठेवला आणि निघाले. म्हटलं, चौदा वर्षांनी हे ऐकायचं असेल तर कर बाई तुला काय करायचं ते.

आता आर्लीन कशी आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एकतीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली. फेरी संपली की ड्रायव्हरने शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन पाहायचं असतं, कुणी पोर झोपून राहिलंय का. एकतीस वर्षांत एकदाच ती गेली नाही. जानेवारीतली गोठवणारी सकाळ होती, स्वच्छतागृहाची घाई होती. परत आली तर मागच्या बाकाखाली पाच वर्षांची मुलगी गाढ झोपलेली. दहा मिनिटं झाली असतील, पोरगी धड होती, आईबापही रागावले नाहीत. पण आर्लीनने स्वतःला माफ केलं नाही. तेव्हापासून ती गॅस तीनदा बघते, कुलूप चारदा ओढते. नवरा फ्लोरिडाला दुसरीबरोबर निघून गेला तेव्हासुद्धा त्याने दिव्यांची बटणं बंद केली होती का, हे तिने आधी पाहिलं. मी तिला म्हणायचे, "अगं, मन चिंती ते वैरी न चिंती." ती म्हणायची, "वैरी नसतोच मार्लीस, नुसतं लक्ष नसतं."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सहाला माझं दार वाजलं. आर्लीन. गुडघ्यापर्यंत दवाने भिजलेली, ओठ पांढरे.

"तीन गेली," ती म्हणाली. "पाचातली तीन गेली."

"काय गेलं? आत ये आधी."

"आत नको. तू चल माझ्याबरोबर. गेराल्डला शब्द दिलाय कुणाला सांगणार नाही म्हणून, पण मला एकटीला आता सहन होत नाही."

चालता चालता तिने सगळं सांगितलं. गेराल्ड टीट्झ म्हणजे दर शनिवारी माळावरचं तण उपटायला आम्हा म्हाताऱ्यांना जमवणारा माणूस. माळाच्या ओलसर खोलगटीत पांढऱ्या झालरीच्या फुलांची ऑर्किडं आहेत, हे तो वीस वर्षं मनात ठेवून होता. एके काळी चाळीस होती, यंदा पाचच फुलली. त्यांचे पराग नेणारा रात्रीचा पतंग किडा हल्ली येत नाही, म्हणून दात कोरायच्या काडीने एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावावे लागतात. मग बोंडं धरतात, सप्टेंबरात पिकतात, त्यातलं धुळीसारखं बी पेरलं तर माळावर ती झाडं राहणार. यंदा बी नाही मिळालं तर संपलं. गेराल्डचा खुबा जूनमध्ये बदलला, त्याला वाकता येईना. म्हणून त्याने माळावरच्या सगळ्यांत काळजीवाहू बाईला निवडलं. निवड चुकली असं मी कसं म्हणू? मीही तिलाच निवडलं असतं.

"जाळी का नाही लावली?" मी विचारलं.

"जाळी दिसली की लोकांना कळतं इथे काहीतरी आहे. मागे एकदा खणून नेलीत कुणीतरी. म्हणून कुणाला सांगायचं नाही, आणि जास्त जायचं नाही."

वळणावरच्या लाकडी पुलावर आम्ही पोचलो. तिथून खोलगट जरा खाली दिसते. आर्लीनने हात करून दाखवलं. "बघ. बघ तूच. कुणीतरी रोज येत होतं इथे. वाट पाडलीय मेल्याने."

मी पाहिलं. कमरेएवढ्या गवतातून, भांग पाडावा तशी सरळ रेघ, वळणापासून थेट आतपर्यंत. शेवटी घोंगडीएवढं गवत दबलेलं, कुणी रोज बसत असावं तसं. सूर्य तिरपा होता, आंधळ्यालाही दिसली असती.

"कोण असेल गं?" ती म्हणत होती. "तो मोठ्या कॅमेऱ्याचा माणूस फिरतो ना, तो? का शाळेची पळणारी पोरं, आडोसा बघायला शिरतात ती? मी त्यांच्यावर लक्ष ठेवून होते मार्लीस. एवढं लक्ष ठेवून होते."

मला कळलं होतं. मी तोंडाची फटकळ बाई, चर्चमध्ये पाद्रीबाबांना घड्याळ दाखवते. कुंपणानेच शेत खाल्लं, हे शब्द ओठांपर्यंत आले होते. पण गिळले.

"गेराल्डला बोलाव," मी म्हटलं.

तो अर्ध्या तासाने काठी टेकत आला. पुलाच्या कठड्याला धरून त्याने खाली पाहिलं. त्याचा चेहरा मी पाहत होते. त्यालाही कळायला वेळ लागला नाही.

"खणलंय का?" त्याने विचारलं.

"नाही. वरून खुडल्यासारखी. देठ शिल्लक आहेत."

"मग हरीण," गेराल्ड म्हणाला.

"पण हरणं इतकी वर्षं होतीच की," आर्लीन म्हणाली. "तेव्हा नाही खाल्ली."

"हरणाला दाट गवतातून जायचा कंटाळा असतो. आयती वाट असली की जातं त्या वाटेने."

"हो, पण वाट कुणी..."

ती थांबली. मागून एक सायकलवाला "डावीकडून" म्हणत गेला, आणि आम्ही तिघं सवयीने उजवीकडे सरकलो. आर्लीनने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग त्या रेघेकडे.

"तू किती वेळा जायला सांगितलं होतंस?" तिने गेराल्डला विचारलं. स्वतःला माहीत असलेलंच विचारत होती.

"दोनदा. एकदा काडी लावायला, एकदा बोंडं काढायला. दरवेळी वेगळ्या बाजूने."

"मी रोज गेले," आर्लीन म्हणाली. "आधी फक्त लांबून बघत होते. मग लांबून दिसेना. कधी दोनदा गेले दिवसातून. वळणावरूनच गेले, कारण वेगळीकडून गेले तर चुकून दुसऱ्या कशावर पाय पडेल असं वाटायचं."

गेराल्ड भला माणूस आहे. "होतं असं," म्हणाला. त्याच्या वीस वर्षांची तीन पंचमांश माती झाली होती आणि तो म्हणाला, होतं असं. आर्लीन रडली नाही. तिने मला शिव्या दिल्या असत्या, गुडघ्याचं खोटं ऐकून काही न विचारता निघून गेल्याबद्दल, तरी मला बरं वाटलं असतं. ती नुसती कठडा धरून उभी होती.

"उरलेल्या दोनांना मी काय करू?" तिने विचारलं.

"काही नाही," गेराल्ड म्हणाला. "हेच काम आहे. पाच आठवडे कुणीच जायचं नाही. गवत उठेल, वाट बुजेल. बघायलासुद्धा जायचं नाही आर्लीन."

"आणि हरीण परत आलं तर?"

"तर येईल."

ते पाच आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. मी रोज सकाळी तिच्या दाराशी उभी, गुडघा असो नसो. वळण आलं की मी तिच्या उजव्या बाजूला जायचे आणि तिचा दंड धरायचे. काठावर खुरांचे ओले ठसे दिसले की बाईची पाचावर धारण बसायची.

"ताजे आहेत मार्लीस. कालचे नाहीत हे."

"असू देत. हरणांनाही फिरायला आवडतं."

"नुसतं पुलावरून बघू?"

"पुलावरून काय दिसणार तुला? तुझ्या चष्म्याला माझं नाक दिसत नाही."

रात्री मला फोन करायची. वारा सुटलाय, म्हणायची. गारा पडतील का? मी म्हणायचे, गारा पडल्या तर तू छत्री धरून उभी राहणार आहेस का? मला माहीत होतं, ती खरंच छत्रीचा विचार करते आहे. एकदा तिच्या बुटांना चिखल दिसला आणि मी रस्त्यातच उभी राहून कडाडले. तो भोपळ्याच्या वेलाचा चिखल निघाला. मी माफी मागितली. "नको मागूस," ती म्हणाली, "काल फाटकापर्यंत गेले होते मी. आत नाही गेले, पण गेले होते." वजन उतरलं होतं तिचं. तिच्यापेक्षा मला जास्त भीती वाटायला लागली, की दोन्ही गेली असतील तर ही बाई काही धड राहायची नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी गेराल्डने बोंडं ठेवायला कागदी पाकीट आणलं. आर्लीनने ते घेतलं नाही.

"मार्लीसला दे. मी खडीवर थांबते."

"तुझा हक्क आहे," गेराल्ड म्हणाला.

"मला माहीत आहे. तरी तिलाच दे."

ती वाटेवर उभी राहिली, आणि खोलगटीकडे पाठ केली. पळणारी एक पोरगी तिला विचारत गेली, बरं वाटतंय ना आजी. आर्लीनने मान हलवली.

मी उत्तरेकडून शिरले. गवत आता माझ्या डोक्यावर होतं. ती रेघ शोधली, सापडली नाही, पूर्ण बुजली होती. मग झाडंही सापडेनात. गेराल्डने सांगितलेली खूण, वाळलेल्या पिवळ्या फुलांचा उंच दांडा, तसले दांडे तिथे पन्नास. बाहेर ती पाठ करून उभी आहे आणि मी इथे मूर्खासारखी गोल फिरते आहे, आणि कदाचित माझ्याच पायाखाली आलं असेल, असं वाटून मी जागच्या जागी खिळले. पाय उचलायची भीती वाटली. आर्लीन अख्खा उन्हाळा काय सोसत होती, ते मला त्या क्षणी कळलं.

मग गुडघ्यापाशी दिसलं. एक झाड, तपकिरी झालेलं, त्याला चार बोंडं, टणक आणि पिकलेली. दुसऱ्याच्या जागी नुसता खुडलेला देठ. मी दोन बोंडं पाकिटात घेतली, दोन गेराल्डने सांगितल्याप्रमाणे झाडावर राहू दिली, आणि वेगळ्या बाजूने बाहेर पडले.

आर्लीन वळली नाही. "किती?" तिने विचारलं.

खोटं बोलायचा मोह झाला. पण चौदा वर्षांत एकदा खोटं झालं तेवढं पुरे होतं.

"एक राहिलंय. चार बोंडं आहेत. दुसरं गेलं."

"नीट पाहिलंस?"

"नीट पाहिलं."

"कधी गेलं असेल?"

"देठ जुना दिसला. सुरुवातीलाच गेलं असेल, नाहीतर मागाहून. मला कळत नाही गं त्यातलं."

तिचं एक पाऊल खडीवरून गवताच्या काठावर गेलं. या वेळी मी दंड धरला नाही. बराच वेळ ते पाऊल तिथेच होतं. मग तिने ते मागे घेतलं, आणि ज्या बाजूला झाड होतं त्या बाजूला पहिल्यांदा तोंड केलं.

"मी बघत नव्हते," आर्लीन म्हणाली. "पाच आठवडे मी बघत नव्हते मार्लीस, आणि तरी ते राहिलं."

आणि तेव्हा कुठे ती रडली. वाटेच्या मधोमध उभी राहून, तोंड न झाकता. मागून सायकलवाले येत होते, "डावीकडून" म्हणत होते, आणि ती सरकत नव्हती. शेवटी तेच खाली उतरून, सायकली हातात धरून तिच्या बाजूने गेले.