सुमनमावशींचे मोकळे हात

काल दुपारी सव्वातीन वाजता, आकाशात उपकरणं नेणारे महाकाय फुगे बनवणाऱ्या संस्थेत, फुग्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या जोडणाऱ्या सुमनमावशींना सत्काराच्या फोटोतून बाजूला काढलं. कारण काय, तर हातात बांगड्या नाहीत.

“मावशी, जरा मागे व्हा. बरं दिसत नाही,” संस्थेचे साहेब हसत म्हणाले.

“तुमच्याच फुग्यापायी उतरवल्यात की, साहेब!” असं म्हणून मावशी मागच्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

अहो, ते प्लास्टिक कांद्याच्या सालीसारखं पातळ. बांगडी घासली तरी चिरतं. म्हणून पट्ट्या जोडणाऱ्या बायका मोकळ्या हातांनीच कामाला बसतात.

सत्काराची पत्रकं वाटता वाटता मी थांबले. सभागृहातल्या पडद्यावर अंटार्क्टिकाच्या नकाशावरून एक ठिपका सरकत होता. तोच तो फुगा. खाली नुसता बर्फ, वर न मावळणारा सूर्य, हाक ऐकायला कुणी नाही. उपकरणं घेऊन कित्येक दिवस तो एकटा फिरतोय, मावशींनी जोडलेल्या पट्ट्यांच्या भरवशावर. टाळ्या वाजल्या, तेव्हा मावशींच्या दोन्ही बाजूंना भिंत रिकामी होती.

नुसतं हळहळू नका. उद्या सकाळी त्या संस्थेत फोन करा आणि सांगा, फोटो पुन्हा काढा, मावशींना मधोमध उभं करून.