बळवंतबुवांची सीडी

पालघरजवळच्या माहीमच्या बळवंतबुवांची चिकूची वाडी काही फार मोठी नव्हती, पण गळा साऱ्या पट्ट्यात ओळखीचा. केळव्यापासून सातपाटीपर्यंत कुणाकडे भजन ठरलं की पहिलं बोलावणं बुवांना. साठी उलटली तसा मुलगा प्रणव मागे लागला, "बाबा, तुमच्या भजनांची सीडी काढू." पालघरच्या स्टुडिओत बुवा मनापासून गायले. बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सीड्या छापून आल्या. वर फेटा बांधलेल्या बुवांचा फोटो.

देवळात नारळ फुटला, सीड्या घरोघर वाटल्या गेल्या. मग कौतुकाला नुसता ऊत आला. पंचायतीतले एकनाथशेठ रस्त्यात थांबवून म्हणाले, "बुवा, रोज सकाळी लावतो. डोळ्यांत पाणी येतं हो!" जन्मभर पखवाजाची साथ केलेला ललित म्हणाला, "माजा पखवाज काय घुमलाय त्यात!" बुवा हरखून गेले. घरात सीडी लावायला यंत्र नव्हतं, आणि स्वतःचाच आवाज ऐकत बसायची त्यांना लाजही वाटे.

बंदरावरची साखरबाई सुके बोंबील घेऊन दारात आली. वयानं मोठी, त्यामुळे बुवांना अरेतुरे करायची.

"बळवंत, लावली रे तुजी सीडी. काय ती घाण!"

"काय?"

"घाण हाय. पोरं रडाय लागली, बंद केली मी."

बुवा लालेलाल झाले. "तुला भजनातलं काय कळतं? मासळी वीक जा!" ती टोपली उचलून चालती झाली.

पण शब्द रुतून बसला. दिवाळीच्या सुट्टीला प्रणव आणि सूनबाई स्नेहल शहरातून लॅपटॉप घेऊन आली, तेव्हा बुवा म्हणाले, "लाव बघू ती."

आधी बराच वेळ काहीच नाही. मग गंजलेला रहाट ओढावा तशी व्हायोलिनं करकरली. पुरुषांचा घोळका घशातल्या घशात घरघरला आणि त्यावर एक बाई अशी किंचाळली की स्नेहलच्या हातातली बशी खाली पडली. नासलेलं दूध तोंडात गेल्यासारखं बुवांचं तोंड वाकडं झालं.

"बंद करते, बाबा."

"र्‍हाऊ दे. माज्या फोटोखाली काय वाजतंय ते सगळं ऐकू दे."

कुठेतरी आपला आवाज येईल म्हणून ते शेवटपर्यंत ऐकत बसले. आला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रणवनं बोईसर गाठलं. कारखान्यातला माणूस जराही चपापला नाही. "अरे, वो तो इटलीवाला माल है." कुणा आधुनिक इटालियन संगीतकाराच्या वाद्यवृंदाचं आणि गाण्यांचं ध्वनिमुद्रण होतं ते. दोन्ही कामं एकाच दिवशी निघाली, छापायच्या साच्यांची अदलाबदल झाली. बुवांची भजनं इटलीला गेली होती. तिकडच्यांनी खोकं उघडल्या दिवशीच ऐकून तक्रार केली आणि त्यांना नवा माल गेलासुद्धा.

"मग आम्हाला का नाय सांगितलं?"

"आपके यहाँ से किसी ने शिकायत ही नहीं की, तो हमने सोचा चल गया."

प्रणवनं हे घरी सांगितलं तेव्हा बुवा जेवत होते. ताट तसंच सारून ते उठले, पिशवी घेतली आणि सीड्या परत मागत गावभर हिंडले. एकनाथशेठनी ती देव्हाऱ्यात ठेवली होती. वर हळदकुंकू आणि प्लॅस्टिकचं वेष्टण जसंच्या तसं. कुणाकडे ती चहाच्या कपाखाली होती, कुणाला सापडलीच नाही. घरोघरी बुवांना शिसारी येत गेली. त्या किंचाळण्याची नव्हे, त्या हसऱ्या तोंडांची.

ललितच्या अंगणात ते उभेच राहिले.

"पखवाज कसा वाजला होता रे ललित?"

"बुवा... तुमाला बरं वाटावं म्हणून..."

"माज्या अंगावर थुंकला असतास तरी चाललं असतं," बुवा म्हणाले. त्यानंतर त्यांनी त्याला साथीला घेतलं नाही. नुसत्या टाळांवर भजन करू लागले. एकनाथशेठच्या घरचं बोलावणंही परत पाठवलं.

कारखान्यानं नव्या सीड्या दिल्या, त्यांचं खोकं माळ्यावर पडलं. एकच सीडी घेऊन बुवा बंदरावर गेले. साखरबाई बोंबील उलथीत होती.

"मी वाईट बोललो तुला. ही ऐक, ही माजी हाय."

चार दिवसांनी ती वाडीवर आली. "ऐकली सगळी. गळा बरा हाय तुजा. पन लय लांबवतोस रे, मदीच झोप येते."

बुवांचं तोंड पडलं. संध्याकाळी त्यांनी पुन्हा सुट्टीला आलेल्या प्रणवला विचारलं, "मी लांबवतो काय रे?"

"छे, बाबा! उलट अजून ऐकावंसं वाटतं."

बुवांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो चप्पल न घालताच उठून वाडीत गेला.