मनूच्या अंगठ्याचं नवं नख

मैत्रिणींनो, आज सकाळी माझ्या सहा वर्षांच्या मनूने मूठ उघडून दाखवली. आत तिच्या अंगठ्याचं अख्खं नख होतं! रक्त नव्हतं, दुखतही नव्हतं. मी मात्र रडायलाच लागले.

"काहून रडून राहिली वं? पोरगी तर हसून राहिली," सासूबाई म्हणाल्या. पण धंतोलीला दवाखान्यात त्याही सोबत आल्या.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "मागच्या महिन्यात हिला ताप आणि तळहातांवर फोड आले होते?"

आले होते. आठवड्यात बरे झाले आणि आम्ही विसरलो.

"ज्या विषाणूमुळे ते फोड आले, त्यामुळे कधीकधी नखाची वाढ थोडे दिवस थांबते, मग जुनं नख गळतं. त्याच्या खाली बघा."

खाली तांदळाच्या कणीएवढं नवं नख होतं. कुणी न सांगता, कुणाला न कळता शरीराने थांबलेलं काम पुन्हा हाती घेतलं होतं. मी बघतच राहिले.

"फोड गेले तरी विषाणू काही आठवडे शौचातून बाहेर पडतो. घरात सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे."

"मलेही धुवा लागते का?" सासूबाईंनी विचारलं.

"आजी, तुम्हालाही."

घरी आल्यावर आजी-नात दोघी बेसिनपाशी उभ्या राहिल्या. सासूबाईंनी तो अंगठा देवाच्या मूर्तीसारखा जपून धुतला.

लेकरांच्या शरीराकडे बघून तुम्ही कधी अशा थक्क झालात का?