विझल्या चुलीचे छापे

छपाईची शाई हातावर बसली की रॉकेलनं घासा, साबणानं घासा, नखांच्या कडेला आठवडाभर राहतेच. आमच्या त्या वर्षाच्या किश्शांचं तसंच आहे. मी अमरावतीत शाळेत ड्रॉइंग शिकवायची, आता रिटायर झाले. त्या वर्षी आम्ही चौघांनी काय केलं ते कोणी विचारलं की मी दरवेळी ठरवते, आज हसत हसत सांगायचं. दुसऱ्या किश्शापर्यंत माझा आवाज चढतो आणि नवरा उठून पंखा वाढवतो. आत्ताही उठलाच आहे.

चौघं म्हणजे कोण? दर्यापूरच्या शाळेतले गावंडे सर, माझ्यासारखेच ड्रॉइंग मास्तर. अकोल्यात लग्नपत्रिका छापणारे सलीमभाई, त्यांच्या दुकानात हातानं फिरवायचा एक जुना प्रेस होता. दर्यापूरच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या सुमनबाई. आणि मी.

ती वर्षं कशी होती हे वऱ्हाडात कोणाला सांगायची गरज नाही. कापूस गेला, सोयाबीन गेलं, आणि खेड्यांतून शिकायला दर्यापूरला आलेल्या दहावीच्या पोरींच्या घरून मेसचं धान्य यायचं बंद झालं. दिवाळीनंतर वसतिगृहाच्या कमिटीनं सांगून टाकलं, मेस बंद. मेस बंद म्हणजे पोरी घरी. आणि घरी गेलेली पोरगी मार्चमध्ये परीक्षेला परत येत नाही, तिचं लग्न लागतं. अशा बावीस पोरी होत्या. शेवटचा पेपर होईपर्यंत ती चूल पेटती ठेवायची, एवढंच आमचं काम होतं.

*

कल्पना गावंडे सरांची. त्यांनी एका जुन्या मासिकात वाचलं होतं की जर्मनीतल्या चित्रकारांनी रशियातल्या दुष्काळासाठी चित्रांचे छापे काढले, विकले आणि पैसे पाठवले. तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घरातही खायचे वांधेच होते. सरांनी हे सगळं सलीमभाईंच्या दुकानात, पत्रिकांच्या गठ्ठ्यावर बसून, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं.

सलीमभाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, जर्मनीवाल्यायनं रशियासाठी केलं. मंग आपल्या दर्यापूरसाठी कोन करन? जपानवाले?"

सरांनी रुमालानं डोळे पुसले.

"नाई ना येत कोनी? मंग मी प्रेस साफ करतो. कागद तुमी आना."

*

आम्ही लिनोवर काम केलं. लिनो म्हणजे फरशीवर अंथरतात तसलं मऊ शीट. त्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची, कागद दाबायचा. मी सुमनबाईंना वसतिगृहातल्या थंड चुलीसमोर बसवलं. गुडघ्यावर हात, चेहरा सरळ आपल्याकडे. "लवकर काढा मॅडम," त्या म्हणाल्या, "रिकाम्या चुलीपाशी बसाची सवय नाई मले." चित्राला नाव दिलं, 'विझलेली चूल'.

अमरावतीत एका हॉलमध्ये पहिलं प्रदर्शन लावलं. एक डॉक्टर नवरा-बायको त्या चित्रासमोर दहा मिनिटं उभे. बाईंचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, चला, एक गेलं.

बाई म्हणाल्या, "फार आतून आलंय हो. पण लावायचं कुठे? हॉलमध्ये येणाऱ्याजाणाऱ्याला कसंतरीच वाटेल. डायनिंगमध्ये तर नकोच, घास उतरायचा नाही." बरीच चर्चा होऊन शेवटी गेस्टरूम ठरली.

गावंडे सर सुतळी कापता कापता शांतपणे म्हणाले, "चांगली जागा निवडली मॅडम. पाहुणे लवकर जातात."

झालं. घेतलंच नाही त्यांनी. शेजारच्या स्टॉलवरून मोरांची दोन चित्रं घेऊन गेले. मी सरांना तिथेच झापलं, पण खरं सांगू का, त्या बाईंना चार शब्द मीच सुनवायला हवे होते. बाई, तुमचा घास उतरायचा नाही म्हणता, तिकडे पोरींचा घास ताटातच नाही! हे मला घरी आल्यावर सुचलं, त्याचा आणखी वेगळा राग.

*

मग एका सरकारी साहेबांचा फोन. प्रदर्शनाची बातमी त्यांनी पेपरात वाचली होती. "मॅडम, जिल्ह्यात उपासमार नाही असं आम्ही वर कळवलेलं आहे. तुम्ही असं नाव देता, मग आम्हाला उत्तरं द्यावी लागतात. 'विझलेली चूल' कशाला? 'विश्रांती' ठेवा. 'दुपार' ठेवा."

मी म्हटलं, "साहेब, एकदा वसतिगृहात येऊन बघा, मग तुम्हीच नाव सुचवा."

आले की. जीप घेऊन, सोबत दोघांना घेऊन, बरोबर जेवायच्या वेळेला. प्रदर्शनात आमची काही छोटी चित्रं गेली होती, त्या पैशांतून नुकतंच थोडं पीठ, थोडी डाळ आली होती. दारी आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं, म्हणून सुमनबाईंनी झुणका केला, भाकरी टाकल्या, वरण, ठेचा. साहेबांनी दोनदा झुणका मागून घेतला. "बाई, तुम्ही साक्षात अन्नपूर्णा," म्हणाले आणि हात धुवून गेले. त्या संध्याकाळी पोरींना अर्धी अर्धी भाकर वाढली.

पंधरा दिवसांनी अहवालाची प्रत आली. 'भोजनव्यवस्था समाधानकारक. मदतीची आवश्यकता दिसून येत नाही.'

मी तो कागद सुमनबाईंना वाचून दाखवला. त्यांनी परातीतलं पीठ मळणं थांबवलं नाही. "मले मालूम असतं तं खारट केलं असतं," म्हणाल्या.

*

टीव्हीवाले पण येऊन गेले. त्या वर्षी वऱ्हाडात पाव्हण्यांपेक्षा कॅमेरे जास्त फिरत होते. चष्मा कपाळावर चढवलेला एक पोरगा आला. म्हणाला, छाप्यांवर स्टोरी करतो, पण सोबत एखादी मुलगी हवी, चित्राच्या बाजूला उभी.

आम्ही वैशालीला बोलावलं. वर्गात पहिली यायची, बोलायला चुणचुणीत. तिनं केस विंचरले, पावडर लावली, उभी राहिली. पोराने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "मॅडम, दुसरी नाही का कोणी? म्हणजे, हिला बघून विषय पोहोचत नाही. गाल जरा भरलेले आहेत."

सुमनबाई मागेच उभ्या होत्या. काय भडकल्या म्हणता!

"दोन वर्ष खाऊ घालून गाल आनले मी या पोट्टीचे," त्या म्हणाल्या, "अन् तुले ते नडून राह्यले? हिच्या मायनं मले पोट्टी दिली तवा हाडं मोजता येत होती. तवा काहून नाई आला तू?"

पोरगा म्हणाला, तेव्हा आमचं चॅनल नव्हतं. स्टोरी काही आली नाही. वैशालीनं मात्र तीन दिवस मला विचारलं, "मॅडम, मी जाड आहे का?" त्या पोराचं नाव मी विसरले, हे त्याचं नशीब.

*

आता सलीमभाईंचा पराक्रम.

कलेच्या जगात छाप्यांची संख्या आधीच ठरवतात. पन्नास म्हणजे पन्नास, प्रत्येकावर नंबर आणि सही. कमी असतात म्हणून किंमत येते. हे मी सलीमभाईंना नीट समजावलं होतं आणि कोरलेली लिनोची प्लेट त्यांच्याकडे ठेवून आले होते.

पुढच्या आठवड्यात गेले तर पाचशे! पत्रिकांच्या उरलेल्या कागदावर, गुलाबी, पिवळे, काहींच्या कोपऱ्यात सोनेरी कलशसुद्धा. मी डोक्याला हात लावला. "सलीमभाई, पन्नास सांगितले होते ना?"

"मॅडम, लगन असो का मयत, पाचशेच्या खाली मी आजवर कधी छापलं नाई. पन्नासात काय होते? मशीन गरम बी होत नाई."

"अहो, जास्त काढले की किंमत पडते."

"पोट्ट्या बावीस हायेत. किंमत वाढवाची का पोट्ट्या जेवाच्या, ते एकडाव ठरवा."

ते पाचशे घेऊन ते आणि गावंडे सर कौंडण्यपूरच्या जत्रेत गेले, जमिनीवर सतरंजी टाकून बसले आणि दहा-दहा रुपयांना विकून आले. मी म्हटलं, विझलेली चूल जत्रेत कोण घेतं? सर म्हणाले, "बायाच घेत होत्या. एकीनं तर दोन घेतले. एक स्वतःले, एक बहिणीले." डायनिंगमध्ये लावायचं की गेस्टरूममध्ये, हा प्रश्न त्यांच्यातल्या एकीलाही पडला नाही. त्या पैशांत जानेवारी निघाला.

*

आणि जानेवारी संपता संपता मुंबईचा गॅलरीवाला आला. वसतिगृहात आठ दिवसांचं पीठ होतं. नंबर आणि सहीचे पन्नास छापे मी जत्रेनंतर चांगल्या कागदावर काढून घेतले होते, ते पन्नासच्या पन्नास घ्यायला तो तयार होता. चेक लिहून खिशात. पण जत्रेची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती, म्हणून अट एकच. प्लेटवर, म्हणजे कोरलेल्या चित्रावर, त्याच्यासमोर आरपार काट मारायची, म्हणजे पुन्हा कोणी छापणार नाही. जगभर असंच करतात. त्याचं काही चुकत नव्हतं हे मला माहीत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

त्याला 'मॉडेल'सोबत फोटो हवा होता, म्हणून सुमनबाईंनाही अकोल्याला आणलं होतं. सलीमभाईंच्या दुकानात टेबलावर प्लेट ठेवली. मी कोरायचं हत्यार हातात घेतलं आणि चित्रातल्या सुमनबाईंच्या चेहऱ्यावर टेकवलं. हात पुढे जाईना. सरांकडे पाहिलं तर ते बाहेर रस्त्याकडे बघत होते. सलीमभाई म्हणाले, "मुझसे नहीं होगा मॅडम. सामने बैठी है वो."

सुमनबाईंनी विचारलं, "किती दिवस चालन यायच्या पैशात?"

"परीक्षेपर्यंत."

"भूगोलाच्या पेपरपर्यंत?"

"हो. शेवटच्या पेपरपर्यंत."

त्यांनी माझ्या हातातून हत्यार काढून घेतलं. डाव्या हातानं प्लेट दाबून धरली आणि कपाळापासून सुरुवात केली. डोळा, नाक, ओठ, हनुवटी. थंडीनं लिनो कडक झाला होता, एका दमात गेलं नाही. तीनदा जोर लावावा लागला.

गॅलरीवाला टेबलावर वाकला. मग हळू आवाजात म्हणाला, "वॉव. हे तर त्याहून पॉवरफुल झालंय. याचा एक प्रिंट काढून द्या ना मला. ओन्ली वन."

गावंडे सर ताडकन वळले. माझ्या तोंडात जे आलं ते इथे सांगण्यासारखं नाही. सलीमभाईंचा हात शाईच्या डब्याच्या झाकणावर तसाच राहिला.

सुमनबाई पदरावरचे लिनोचे तुकडे झटकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"द्या काढून, सलीमभाऊ," त्या म्हणाल्या. "पन पयले चेक हातात घ्या. मंग द्या त्याले थोबाड."