गुडघ्यावरची लाल पाटी

आई गेल्यापासून माझी धाकटी बहीण शेवंता माहेरी फिरकली नव्हती. तिला घेऊनच यायचं, असं ठरवून मी साठीला टेकलेला माणूस नागपूरहून सायकलीनं भिलाईला निघालो. आगगाडी असताना सायकल कशाला, असं बायकोनं विचारलं. हौस, दुसरं काय! दुर्ग गाठेपर्यंत गुडघ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

भिलाईत अजून कारखाना उभा राहत होता. जिकडेतिकडे लाल मुरूम, अर्धवट चिमण्या आणि भोंगा झाला की सायकलींचा लोंढा. मरोद्याला बहिणीच्या वस्तीत शिरलो, तर कडुनिंबाखाली तीन बाजा (खाटा) आणि त्यांवर भर सकाळी उताणे पडलेले तीन वयस्क गृहस्थ. प्रत्येकाच्या गुडघ्याला लाल पाटी: ‘मरम्मत चालू. मशीन चलाना मना है.’

"जयभीम दादा," शेवंताचे यजमान सुदामजी म्हणाले. ते कारखान्यात फिटर. "मशीन दुरुस्तीले घेतली का स्विचले हे पाटी बांधतेत. ज्यानं बांधली त्यानंच सोडाची, दुसऱ्यानं हात लावाचा नाही. आमच्या मोहल्ल्यात म्हाताऱ्या सायकलवाल्यायलेही तोच रूल."

मी खो खो हसलो. पण सायकलीवरून उतरताना गुडघा कडकन वाजला. शेवंता चुलीजवळून उठली ती पाटी घेऊनच. चौथी बाज पडली.

पडल्या पडल्या बासी (रात्रभर पाण्यात ठेवलेला भात) आणि कांदा खात मी विषय काढला. "शेवंता, नागपूरले चाल."

"कावून येऊ?" ती म्हणाली. "माय गेली. आता माही वाट पाहून कोन राहिलं तिथं?"

फार वाईट वाटलं.

"बरं, हे पाटी तरी सोड."

"नाही सोडत. दर खेपेले चहा पेतं अन् पळतं तू."

शेजारच्या बाजेवरचे क्रेनवाले काका मला विश्रांतीचे नियम शिकवू लागले. उठायचं नाही, बढाई मारायची नाही, चढणीचं नाव काढायचं नाही. कूस बदलली की पाटी खडखडे आणि सारा मोहल्ला ओरडे, "मशीन चालू झाली!" अशानं माणूस बरा होतो की वेडा, देव जाणे.

शेवटी एका सकाळी पाटी धोतरात दडवून मी पळालो. सायकल ढकलत पावर हाउस भागातल्या बाजारात पोचलो. चाकात हवा नव्हती. पंक्चरवाल्यापुढे वाकलो आणि पाटी बाहेर लोंबली. त्यानं पंप मागे ओढला.

"बाबा, पाटीवालों को हवा नहीं मिलेगी."

पुढच्या दुकानात तेच. त्याच्या पुढच्याही. अखेर दोन अनोळखी कामगारांनी मला माझ्याच सायकलीवर बसवून, ढकलत, बाजेवर परत आणून टाकलं.

गुडघा निवला, तशी सुदामजींनी सायकल गार्डाच्या डब्यात चढवून मला गाडीत बसवलं. शेवंता डब्यात येऊन पाटी सोडायला वाकली. मला काय सुचलं कोण जाणे, मी पाय आखडून घेतला. तेवढ्यात शिट्टी झाली आणि तिला उतरावं लागलं.

"दादा, पाटी!" ती खिडकीशी धावत ओरडली.

"बांधली त्यानंच सोडाची! नागपूरले ये!"

आता मी घरी ओसरीवर पाय लांब करून बसलो आहे. बायको कात्री घेऊन दोनदा आली, तिला परत पाठवलं. गल्लीतली पोरं हसतात, हसोत. माझी वाट पाहून कोण राहिलं, असं शेवंतानं विचारलं होतं. मी राहिलो आहे. ती आल्याशिवाय मला उठायची परवानगीच नाही.