लाल चकती, काळी चकती

सातवीनंतर शाळा सुटली आणि पुढे काही वर्षांनी रत्नागिरीकडून मी नागपूरला आलो. एका गिरणीच्या पंपघरात रोजंदारीवर चिकटलो. तिथल्या मिस्त्रींनी अक्षरशः हाताला धरून काम शिकवलं. त्यांचे उपकार अजून विसरलेलो नाही. तरी कायम धास्ती असायची. इथून काढलं तर जायचं कुठे?

गिरणीच्या वसाहतीत घरांच्या दोन ओळी होत्या. टाकी लहान, दोन्हीकडे एकदम पाणी पुरत नसे. म्हणून एक आठवडा सकाळचं पाणी पुढच्या ओळीला, संध्याकाळचं मागच्या ओळीला; पुढल्या आठवड्यात उलट. हे सगळं घड्याळाचं एक यंत्र आपोआप करी. त्यात चकती बसवायची, तिच्यावरच्या खुंट्या ठरल्या वेळी पाणी इकडचं तिकडे वळवत. पण यंत्राला ठाऊक सातच दिवस. म्हणून गिरणीच्या साहेबांनी दोन चकत्या करवून घेतल्या होत्या. लाल लावली की सकाळ पुढच्या ओळीची, काळी लावली की मागच्या ओळीची. रविवारी संध्याकाळी बदलायचं काम माझं. चूक नको म्हणून साहेबांनी नियमही घालून दिला होता: ऑफिसच्या डायरीत आठवड्याचा आकडा छापलेला असतो, तो विषम असला तर लाल, सम असला तर काळी.

मला तो नियम फार आवडायचा. कमी शिकलेल्या माणसाला छापील आकड्याचा मोठा आधार वाटतो.

एरवी वर्षाचे आठवडे बावन्न; एका वर्षअखेरीला मात्र डायरीत त्रेपन्नावा निघाला. लाल लावली. पुढच्या रविवारी नवी डायरी उघडली, आकडा एक. यंत्रात लालच होती. चकती बदलायचीच नाही हे जरा विचित्र वाटलं, पण छापलेलं चुकेल कसं? दार लावून निघालो.

सोमवारी सकाळी मागच्या ओळीतल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन पंपघरावर. सगळ्यांच्या आधी बोलायला आली ती गिरणीतच पहिल्या पाळीला कामाला जाणारी एक बाई. मी स्वतः पुढच्या ओळीतल्या एका घरात भाड्यानं राहायचो, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते सांगायला नको. मी घाईनं डायरी दाखवली, सम-विषम समजावलं. तिनं ऐकून घेतलं.

"हे पुस्तक सकायी आंघोळ करते का गा? मागच्या सोमवारी पानी कोनाले आलं?"

"पुढच्या ओळीला."

"अन् आज?"

मी डायरीतला आकडा पुन्हा पाहिला. त्रेपन्न विषम, त्यानंतरचा एक हाही विषम. इतकं साधं, आणि मला दिसलं नव्हतं.

मिस्त्री माझ्या कानाशी लागले. यंत्र अडकलं होतं म्हणून सांगू, तू बोलू नको. त्याच महिन्यात साहेब कायम करायच्या लोकांची यादी करणार होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तेवढ्यात साहेब आलेच. कुणी लावली चकती, त्यांनी विचारलं. मिस्त्री तोंड उघडणार तोच मी म्हणालो, मी लावली. आणि डायरी पुढे केली.

साहेबांनी पानं उलटली, पुन्हा उलटली. नियम त्यांचाच होता. मग तीच बाई बोलली.

"याले काढू नका साहेब. नवा मानूस आनसान, त्याले पुन्हा पयल्यापासून शिकवा लागन. याले आता समजलं."

साहेब हसले नाहीत, पण डायरी मिटून त्यांनी ती काखेत धरली. यापुढे डायरी नको, म्हणाले. जी लागलेली असेल ती काढायची आणि दुसरी लावायची. काळी मी त्यांच्यासमोरच लावली. बुडालेल्या सकाळची भरपाई म्हणून मागच्या ओळीला सलग दोन आठवडे सकाळ मिळाली.

यादीत माझं नाव आलं. ते दोन आठवडे मात्र घरमालकीण मला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला सांगत असे, "राह्यते आमच्यात अन् पानी पाजते त्यायले." मी सकाळी बादली घेऊन मागच्या ओळीत जायचो. तिथे मला रांगेत कुणी उभं ठेवत नसे.