काचेतली माटोळी

"तिका इचारल्यात?" खुर्चीच्या हातावरून एकच बोट उचलून शेजारचे भाऊ म्हणायचे. गावात एका मुलीचं लग्न ठरत होतं. हॉल, जेवण, बँड, सगळ्यावर चर्चा झाली. भाऊंनी कोपऱ्यातून बोट उचललं, "तिका इचारल्यात?" मग कुणीतरी मुलीला हाक मारली.

गोव्यात, पार्से गावी आमच्या कुंपणापलीकडे ते राहत. खाणीवर ट्रक चालवून निवृत्त झालेले, बायको गेलेली, लेक सासरी म्हापशाला. घरात दुसरा जीव म्हणाल तर जनेलाखालच्या, म्हणजे खिडकीखालच्या, काचेच्या पेटीतली तळहाताएवढी केसाळ कोळीण. काजूच्या बागेत लाकडं फोडताना सापडली, एक पाय तुटलेला. "हंयच सोडली तर मुंगळे खातले हिका," म्हणून घरी आणली.

पेटीत ओली माती आणि नारळाच्या करटीचा तुकडा, एवढंच. मी तेव्हा साठीची, म्हणजे अगदीच पोर. जगातल्या कुठल्याही दुःखावर माझ्याकडे एखादी वस्तू तयार असायची.

"भाऊ, कंटाळत असेल हो ती! आपल्याला टीव्ही लागतो, तिला निदान झोपाळा तरी?"

चतुर्थी नुकतीच झाली होती. आमच्याकडची माटोळी तुम्ही पाहिली असेल. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट आणि तिला टांगलेली रानफळं, सुपाऱ्यांचे घोस. ते बाजाराला गेलेले बघून मी काड्यांची चिमुकली माटोळी केली आणि पेटीत टांगली. खाली शंख, रंगीत मणी, झाडाच्या सालीचा एक तुकडा. कोळिणीचा पार देव करून टाकला आणि वर स्वतःच खूश!

ते परतले, बराच वेळ पेटीकडे बघत राहिले. "बरी दिसता," म्हणाले. मग बोट उचललं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

कोळीण करटीखाली शिरली ती बाहेर येईना. नाकतोडा समोर सोडला तरी ढिम्म. आठवडे गेले. मग भाऊंच्याही घशाखाली घास उतरेना. सकाळचा उंडा पाव चहाशेजारी तसाच पडलेला असायचा. कोळ्यासाठी कोण एवढा जीव टाकतो, असं तुम्ही म्हणाल. पण तिन्हीसांजेला बोलायला त्या घरात दुसरं होतं कोण?

"भियाली ती," ते म्हणाले.

"कंटाळलीय. आणखी थोडं काही घालू का?"

"वयनी, तुमी आता हात कमरेर ठेवा!"

मग त्यांनी मोठी पेटी आणली. अर्ध्या भागात माझा बाजार, अर्ध्यात नुसती माती. कोळिणीला मधोमध सोडलं आणि खुर्ची ओढून बसले. "बघूया, खंय जाता." मीही बसले, आणि कबड्डीच्या सामन्यासारखी मनातल्या मनात तिला माझ्या बाजूला ओढू लागले. ती सरळ मोकळ्या मातीत गेली. मी तोंड वाकडं केलं.

पण काही दिवसांनी ती आपण होऊन माझ्या बाजूला आली. शंख सोडला, मणी सोडले, माटोळीखालून मान न वळवता गेली आणि सालीच्या तुकड्याखाली माती उकरू लागली. बिळाच्या तोंडाशी जाळंही विणलं.

"तुमचां एक पास झालां," ते म्हणाले. बाकीचं सगळं काढून त्यांनी माझ्या ओच्यात घातलं.

आणि एका सकाळी मी किंचाळले, "भाऊ, आत दोन झाल्या!"

एक नुसती पोकळ कात होती. दुसरी ओलसर, फिकी, आणि तुटक्या पायाच्या जागी इवलासा नवा पाय. पुढे तिने नाकतोडा धरला, त्या दिवशी भाऊंनी दोन उंडे खाल्ले.

"बघा," मी म्हटलं, "कात टाकायची म्हणून उपाशी होती. माझ्या माटोळीला उगाच नावं ठेवलीत!"

"तसां आसात," ते हसले. "पण जागा तिनां आपणच निवडल्यान."

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. लेकीने पेटी माझ्या हातात दिली. "मावशी, तुमच्याशिवाय हिका कोण बघतला?"

घरी आणली त्या दिवशी कोळीण बिळाबाहेर आलीच नाही. हलवाहलवीने बिचकली असेल. माझे हात शिवशिवत होते. एखादं फूल, निदान एक हिरवं पान? मी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि जमिनीवर बसून राहिले. काळोख पडता पडता बिळाच्या तोंडाशी माती हलली.

मी दिवा लावला नाही.